चेहऱ्याची रफूगिरी : फोटो दुरुस्तीचे नवे तंत्र आणि आपला धंदा

पुणे शहरात कॅम्पपासून कोंढव्यापर्यंत फोटो स्टुडिओ, लग्नाचे शूटिंग आणि अल्बमच्या कामावर अनेक घरांची रोजीरोटी चालते. घरोघरी मोबाईल आल्यापासून हा धंदा अगोदरच अडचणीत आहे. त्यात आता चेहऱ्यावरचे डाग आपोआप काढणारी, त्वचा उजळ करणारी ‘एआय’ची, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेची, सॉफ्टवेअरे आली आहेत. कारागिराचा बराच वेळ खाणारा फोटो आता काही सेकंदांत तयार होतो. मग कारागिराचे काम संपले काय?

आम्ही कापडाच्या धंद्यातले. परंतु फोटोशी आमचा रोजचा संबंध येतो. लग्नसराईत गिऱ्हाईक मोबाईलवरचा फोटो दाखवून ‘ह्याच रंगाचा शरारा पाहिजे’ म्हणते, आणि तो रंग दुकानातल्या कोणत्याही ताग्याशी जुळत नाही. त्यामुळे ही सॉफ्टवेअरे नेमके काय करतात हे समजून घेणे आम्हालाही भाग पडले. जे समजले ते व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवीत आहोत.

हुनर जुनाच

चेहरा दुरुस्त करण्याचे काम नवे नाही. काचेच्या निगेटिव्हच्या काळी रिटचिंग करणारा कारागीर निगेटिव्ह उजेडासमोर तिरकी लावून, सुईसारखे टोक केलेल्या पेन्सिलीने तिच्यावर बारीक ठिपके देत असे. चेहऱ्यावरची सुरकुती निगेटिव्हवर फिकट रेघ म्हणून दिसते. ती रेघ पेन्सिलीने भरली की छापील फोटोत सुरकुती सौम्य होते. किती भरायचे आणि कुठे हात थांबवायचा, हीच त्या कामाची तालीम होती.

१९९० साली अडोबी कंपनीचे फोटोशॉप आले. २००२ च्या सातव्या आवृत्तीत ‘हीलिंग ब्रश’ नावाचे साधन मिळाले. २०२० साली त्यात ‘न्यूरल फिल्टर’ आले आणि २०२३ साली ‘जनरेटिव्ह फिल’. चेहऱ्यांच्याच कामासाठी पोर्ट्रेटप्रो, इव्होटो यांसारखी वेगळी सॉफ्टवेअरेही आज मिळतात.

रंग वेगळा, पोत वेगळा

कापडाची पारख करताना आपण रंग आणि पोत वेगवेगळे पाहतो. फोटो दुरुस्त करणाराही तेच करतो. त्वचेचा एक थर रंगाचा असतो, त्यात काळपट, लालसर छटा असतात. दुसरा थर पोताचा, त्यात रोमछिद्रे, बारीक केस, सुरकुत्या. चांगला कारागीर संगणकावर हे दोन थर अलग करतो, रंगाच्या थरातला डाग सारखा करतो आणि पोत तसाच ठेवतो. म्हणून त्याच्या हातचा चेहरा साफ दिसतो, पण मेणाचा दिसत नाही.

एआय सॉफ्टवेअरला असंख्य फोटो दाखवून शिकविलेले असते. ते प्रथम डोळे, नाक, ओठ कुठे आहेत हे ओळखते, मग त्वचा, केस व कपडे वेगळे करते आणि त्वचेवर दुरुस्ती करते. चूक होते ती या वेगळे करण्यात. ओढणीचा काठ, दाढीचे केस, कानातला झुमका यांच्या कडेला सॉफ्टवेअर घोटाळते. पांढरी टोपी घातलेल्या माणसाची पाठीमागची बाजू पांढरी करायला सांगितली, तर कधी कधी टोपीची कडाच नाहीशी होते. चिकनकारीचे पांढऱ्यावर पांढरे काम, बांधणीचे बारीक ठिपके, जरीची वीण यांना ते डाग समजून पुसट करते. चेहऱ्याचा रंग उजळताना संपूर्ण फोटोचा रंग बदलला तर कपड्याचाही बदलतो. आमच्या दुकानात न जुळणाऱ्या रंगाचे एक कारण हेच.

रफू आणि परका तुकडा

रफूगर फाटलेल्या कापडाच्या आतल्या शिवणीतून किंवा दुमडीतून धागा काढतो आणि त्याच धाग्याने भोक विणून भरतो. हीलिंग ब्रशचे काम असेच आहे. मुरुमाच्या जागी तो त्याच गालावरचा शेजारचा पोत आणून बसवितो.

‘जनरेटिव्ह’ प्रकारचे सॉफ्टवेअर निराळे. ते दुसऱ्याच ताग्यातून तुकडा आणते. शिकताना पाहिलेल्या फोटोंच्या अंदाजाने ते नवा गाल, नवा डोळा, नवे दात तयार करते. तुकडा इतका बेमालूम बसतो की जोड दिसत नाही, पण माल मूळचा नसतो.

याचा खरा धोका जुन्या फोटोंत आहे. अनेक घरांत मरहूम वडिलांचा एकच लहान, पुसट फोटो असतो. तो मोठा करून द्या म्हणून मुलगा स्टुडिओत येतो. फोटोत तपशीलच कमी असल्याने सॉफ्टवेअर तो स्वतःच्या अंदाजाने भरते. चेहरा स्वच्छ आणि ठळक होतो, पण तो वडिलांचा राहत नाही. पुढच्या पिढीने आजोबांना पाहिलेलेच नाही. ती त्या अनोळखी चेहऱ्यालाच आजोबा समजेल. अशा फोटोत ओरखडे आणि डाग काढावेत, आकार बेताचा वाढवावा आणि चेहऱ्याला हात लावू नये.

सावळ्या रंगाचा प्रश्न

कोडॅक कंपनी फोटोतील रंग जुळविण्यासाठी प्रयोगशाळांना ‘शर्ली कार्ड’ नावाचे नमुन्याचे फोटो देत असे. बराच काळ त्यांवर गोरी स्त्रीच असे. सावळ्या चेहऱ्यांची तक्रार कुणी मनावर घेतली नाही. चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनविणाऱ्या कंपन्यांनी तपकिरी छटा नीट उमटत नाहीत म्हटल्यावर सुधारणा झाली, असे कोडॅकच्या जाणकारांनीच पुढे सांगितले. संगणकातही तेच घडले. २०१७ साली फेसअॅपचे चेहरा आकर्षक करणारे बटण त्वचा गोरी करू लागले, तेव्हा मालकाने माफी मागितली. शिकविण्यासाठी वापरलेल्या फोटोंतच दोष होता, असे त्याने सांगितले.

आपल्याकडे स्थळासाठी फोटो काढताना मुलीला गोरी दाखविण्याचा आग्रह घरचेच धरतात. पण पाहुणे प्रत्यक्ष भेटतात तेव्हा फरक दिसतो आणि मान खाली घालावी लागते ती मुलीला. स्टुडिओवाल्याने हे घरच्यांना अगोदर समजावून सांगितले पाहिजे.

कागदपत्रांचे फोटो

मोठ्या माणसाचा पासपोर्टचा फोटो मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातच काढतात. परंतु चार वर्षांखालील मुलाचा फोटो बरोबर न्यावा लागतो, आणि व्हिसाचे फोटो अनेकदा स्टुडिओतून येतात. आता चेहरा पडताळण्याचे काम यंत्रे करतात. म्हणून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने सॉफ्टवेअर, मोबाईल अॅप, फिल्टर किंवा एआयने बदललेला फोटो चालणार नाही असे स्पष्ट म्हटले आहे. अशा फोटोत उजेड आणि पार्श्वभूमी कॅमेऱ्यासमोरच नीट ठेवावी. तीळ, व्रण, सुरकुती यांना हात लावू नये. एक फोटो नाकारला गेला तर गिऱ्हाइकाचा प्रवास लांबतो.

दुकानदाराने काय करावे

१. आठवड्यात जाणारे काढावे, कायमचे ठेवावे. मुरूम, ओरखडा, डोळ्यांखालचा थकवा पहिल्या प्रकारात; तीळ, व्रण, रंग, नाकाचा आकार दुसऱ्या प्रकारात.

२. सॉफ्टवेअरचे प्रमाण पूर्ण न ठेवता कमी करून पाहावे आणि चेहरा मोठा करून रोमछिद्रे दिसतात का ते तपासावे.

३. कपडा वेगळा ठेवावा. शक्य असल्यास खरी ओढणी किंवा कापडाचा तुकडा शेजारी धरून रंग जुळवावा.

४. मूळ फोटो कधीही पुसू नये. दुरुस्ती नेहमी प्रतीवर करावी.

५. फोटो कुठे जातो हे पाहावे. काही सॉफ्टवेअरे आपल्याच संगणकावर चालतात, तर काही फोटो कंपनीच्या संगणकावर पाठवितात. घरातील स्त्रियांचे फोटो गिऱ्हाईक विश्वासाने देते, ती अमानत आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही २०२३ साली झालेला आहे. फोटो बाहेर जाणार असेल तर अगोदर विचारावे.

६. साधी सफाई, जुन्या फोटोची दुरुस्ती आणि कागदपत्राचा फोटो यांचे दर वेगळे लावून ते दुकानात लिहून ठेवावेत.

बटण दाबणे गिऱ्हाईकही घरी करू शकते, त्याचे पैसे ते देणार नाही. पैसे मिळतील ते काय काढायचे आणि काय राखायचे हे जाणणाऱ्या नजरेचे. ज्या तरुणांना या धंद्यात यायचे आहे त्यांनी सॉफ्टवेअर जरूर शिकावे, पण त्याआधी काही महिने एखाद्या जुन्या उस्तादाजवळ बसून एकही फिल्टर न वापरता चेहरे पाहण्याची सवय करावी.