विश्लेषण : नाताळची घरगुती टॉफी कधी चिकटते, तर कधी दगड होते… असे का? सांताक्रूझच्या हवेत ती जमवायची कशी?

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की सांताक्रूझ, कलिना, वाकोला परिसरातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या गोडाची लगबग सुरू होते. नेवऱ्या, कुलकुल, पेरूचे चीज, मिल्क क्रीम, मार्झिपान आणि त्यांच्या शेजारी कागदात गुंडाळलेली दुधाची टॉफी. या साऱ्यांत टॉफी करायला सर्वांत सोपी मानली जाते. साहित्य पाच-सहा जिनसांचे आणि वेळ तासाभराचा. तरीही एखाद्या वर्षी ती कागदाला चिकटून बसते, एखाद्या वर्षी दाताने तुटत नाही, तर कधी वाळूसारखी रवाळ होते. कृती तीच, हातही तेच. मग फरक कुठे पडतो? याचे उत्तर बहुतेक वेळा एकाच गोष्टीत सापडते, ती म्हणजे पाकात शिल्लक राहिलेले पाणी.

सांताक्रूझ आणि नाताळच्या गोडाचे नाते काय?

‘सांताक्रूझ’ हे नावच पोर्तुगीज असून त्याचा अर्थ ‘पवित्र क्रूस’ असा होतो. १५३४ च्या वसईच्या तहानंतर साष्टीचा प्रदेश पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ पर्यंत त्यांच्याकडे राहिला. या काळात ख्रिस्ती झालेले येथील मूळ रहिवासी म्हणजे आजचा ईस्ट इंडियन समाज. त्यांची घरातली बोली मराठीचीच. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली आणि हे नाव रूढ झाले. पुढे गोवा आणि मंगळूरहून आलेली ख्रिस्ती कुटुंबेही या उपनगरात स्थिरावली. त्यामुळे नाताळच्या ताटात तिन्हीकडच्या चवी एकत्र दिसतात. गोवा-मंगळूरकडे या गोडाला ‘कुस्वार’ म्हणतात. दिवाळीच्या फराळाप्रमाणेच तो शेजारीपाजारी ताटातून वाटण्याची पद्धत आहे, मग शेजारी कोणत्याही धर्माचा असो.

टॉफी या ताटात इंग्रजांकडून आली. घरी टॉफी करताना लोणी आणि डब्यातले कंडेन्स्ड मिल्क वापरले जाते. मराठी मुलांसाठी मात्र टॉफी ही मुख्यतः दुकानातली वस्तू राहिली. त्यांच्या तोंडी ती कधी ‘गोळी’, तर कधी सरसकट ‘चॉकलेट’. गोळ्यांच्या उद्योगाचा एक मोठा अध्यायही सांताक्रूझच्या शेजारच्याच स्थानकाशी जोडलेला आहे. १९२९ मध्ये विलेपार्ले येथे सुरू झालेल्या पार्लेच्या कारखान्यात आधी गोळ्या-मिठाई बनत असे, बिस्किटे नंतर आली. नाशिक जिल्ह्यातील रावळगावच्या गोळ्या १९४२ पासून मिळू लागल्या. कारखान्यातील यंत्रे जे मोजून करतात, तेच घरच्या कढईत नजरेने आणि हाताने करावे लागते.

टॉफी म्हणजे नेमके काय?

साखर पाण्यात विरघळवून उकळली की पाणी वाफ होऊन जाते आणि पाक घट्ट होत जातो. पाणी जितके कमी, तितका पाकाचा उत्कलनबिंदू वर चढतो. म्हणूनच पाकाचे तापमान पाहिले की त्यात किती पाणी उरले आहे ते कळते. थर्मामीटर येथे उष्णता मोजत असला, तरी करणाऱ्याला तो पाण्याचा हिशोब सांगत असतो.

साधारण ११२ ते ११६ अंश सेल्सिअसला पाकात सुमारे १५ टक्के पाणी असते. तो गार झाल्यावर मऊ राहतो. ११८ ते १२० अंशांना पाणी १३ टक्क्यांच्या आसपास येते आणि टॉफी चावता येईल इतकी घट्ट होते. १४६ ते १५४ अंशांना पाणी जेमतेम एक टक्का उरते आणि पाक काचेसारखा कडक, टचकन तुटणारा होतो. मऊ दुधाची टॉफी आणि कडक बटर टॉफी यांच्यात सुमारे ३० अंशांचे अंतर आहे. पण मऊ टॉफी आणि चिकट गोळा यांच्यात मात्र चार-पाच अंशच. घरच्या टॉफीचे बहुतेक अपयश याच चार-पाच अंशांत दडलेले असते.

टॉफीचा तपकिरी रंग आणि खमंग वास दुधामुळे येतो. दुधातील प्रथिने आणि शर्करा तापल्यावर एकमेकांशी संयोग पावतात. १९१२ मध्ये फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामिय मेलार्ड याने या अभिक्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. पाव, खवा आणि कुंदा यांच्या रंगवासामागेही तीच असते.

थर्मामीटर नसेल तर?

मराठी स्वयंपाकघराला हे शास्त्र नवे नाही. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे शब्द म्हणजे पाकाच्या तापमानाच्याच पायऱ्या. नारळाच्या वडीला, चिक्कीला आणि तिळगुळाला हीच पारख लागते. टॉफीसाठीही तीच वापरता येते.

एका वाटीत गार पाणी घ्यावे. पाकाचा थेंब त्यात टाकावा आणि बोटांनी गोळा करून पाहावा. गोळी वळली पण बाहेर काढल्यावर चपटी झाली, तर पाक अजून मऊ आहे. गोळी आपला आकार टिकवून धरत असेल आणि दाबल्यावर दबत असेल, तर दुधाची टॉफी तयार झाली. थेंब पाण्यात पडताच कडक झाला आणि भांड्याच्या काठावर आपटल्यास टणकन वाजला, तर तो कडक टॉफीचा किंवा चिक्कीचा पाक. परीक्षा करताना प्रत्येक वेळी गॅस बंद करावा, नाहीतर गोळी तपासेपर्यंत पाक पुढच्या पायरीवर जातो.

थर्मामीटर असल्यास तो आधी उकळत्या पाण्यात धरून पाहावा. सांताक्रूझ समुद्रसपाटीजवळ असल्याने तेथे पाणी १०० अंशांना उकळते. आकडा ९८ दिसला, तर कृतीतील प्रत्येक तापमानातून दोन अंश वजा करावेत. नाताळच्या सुटीत महाबळेश्वरला जाऊन टॉफी करणाऱ्यांनाही हाच नियम लागू पडतो. तेथील उंचीवर पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, त्यामुळे सगळ्या पायऱ्या चार-पाच अंशांनी खाली येतात. वाटीतल्या पाण्याची परीक्षा मात्र दोन्हीकडे सारखीच चालते.

दुधाची सोपी टॉफी कशी करावी?

साहित्य : कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, लोणी १०० ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज दोन मोठे चमचे, पाणी पाव वाटी, चिमूटभर मीठ, एक छोटा चमचा व्हॅनिला इसेन्स. आवडत असल्यास भाजलेल्या काजूचे तुकडे. लिक्विड ग्लुकोज केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळते.

कृती : साधारण आठ इंची चौकोनी ट्रेला तूप लावून बटर पेपर पसरावा. जाड बुडाची खोल कढई घ्यावी; मिश्रण फुगून वर येते, म्हणून कढई निम्म्याहून अधिक रिकामी असावी. साखर, पाणी आणि ग्लुकोज मंद आचेवर ठेवून साखर पूर्ण विरघळू द्यावी. साखर विरघळेपर्यंत उकळी येऊ देऊ नये. मग लोणी, कंडेन्स्ड मिल्क आणि मीठ घालावे. येथून पुढे उलथने थांबवू नये, कारण दूध बुडाला पटकन लागते. मध्यम ते मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटांत मिश्रण घट्ट होते, कडा सोडू लागते आणि रंग बदामी होतो. ११८ ते १२० अंशांना किंवा गार पाण्यात घट्ट गोळी वळताच गॅस बंद करावा. इसेन्स आणि काजू घालून मिश्रण लगेच ट्रेमध्ये ओतावे. कढईला चिकटलेला भाग खरवडून त्यात घालू नये, त्यात रवाळ कण असतात. मिश्रण कोमट असताना तूप लावलेल्या सुरीने तुकडे पाडावेत आणि पूर्ण गार झाल्यावर एकेक तुकडा कागदात गुंडाळावा. या मापात लहान आकाराचे साठ-सत्तर तुकडे होतात.

टॉफी रवाळ का होते?

साखरेला पुन्हा स्फटिक होण्याची ओढ असते. कढईच्या कडेला साखरेचा एक दाणा राहिला आणि तो पाकात पडला, तरी त्याच्याभोवती नवे स्फटिक जमू लागतात. लिक्विड ग्लुकोज याला अटकाव करते. वेगळ्या प्रकारची शर्करा मध्ये आल्याने साखरेच्या रेणूंना नीट रांग लावता येत नाही. लिंबाचा रसही हेच काम करतो, कारण आम्लामुळे साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. मात्र लिंबू बिनदुधाच्या पाकातच चालते. दुधाच्या टॉफीत लिंबू पिळल्यास दूध फाटते. कढईच्या कडा ओल्या ब्रशने एक-दोनदा पुसून घेणे, हा आणखी एक साधा उपाय.

मुंबईच्या हवेचा काय संबंध?

शिजवताना बाहेर काढलेले पाणी नंतर हवेतून परत येऊ शकते. साखर ओलावा ओढून घेते आणि त्यामुळेच टॉफी वरून पाझरते व कागदाला चिकटते. मुंबईच्या हवामानाचे आकडे कुलाबा आणि सांताक्रूझ येथील वेधशाळांतून येतात. २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तो याच सांताक्रूझच्या वेधशाळेत. पावसाळ्यात येथील सापेक्ष आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते. डिसेंबरमध्ये दुपारच्या वेळी ती बरीच उतरते. टॉफीसाठी मुंबईत नाताळचा हंगाम त्यातल्या त्यात अनुकूल ठरतो, तो यामुळे.

तरीही डिसेंबरमध्ये पहाटेची हवा दमट असते. म्हणून टॉफी दुपारी करावी, ट्रे उघडा ठेवून रात्रभर गार करू नये आणि तुकडे गार होताच गुंडाळून हवाबंद डब्यात भरावेत. ढगाळ किंवा दमट दिवशी पाक एक-दोन अंश जास्त चढवावा. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या टॉफीवर हवेतील वाफ जमते, त्यामुळे तिला फ्रिजपेक्षा कोरडा डबा बरा. अशी टॉफी साधारण दोन आठवडे टिकते, म्हणजे नाताळपासून नव्या वर्षाच्या पाहुण्यांपर्यंत.

काळजी कोणती घ्यावी?

सुटीत मुलांना सोबत घेऊन करण्याचा हा पदार्थ आहे, पण मुलांचे काम कागद कापण्याचे आणि तुकडे गुंडाळण्याचे. पाक उकळत्या पाण्यापेक्षा अधिक तापलेला असतो आणि त्वचेला चिकटून राहतो, त्यामुळे जखम खोल होते. कढईचा दांडा आतल्या बाजूला वळवावा, पूर्ण बाह्यांचा सुती कपडा घालावा आणि पाक बोटाने चाखू नये. भाजल्यास तो भाग लगेच नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. बर्फ, टूथपेस्ट, हळद लावू नये. फोड मोठा असल्यास किंवा चेहरा, हात भाजल्यास डॉक्टरांकडे जावे. घशात अडकण्याचा धोका असल्याने अगदी लहान मुलांना कडक टॉफी देऊ नये.

घरून विकायची असल्यास?

नाताळच्या ऑर्डरी आता मोबाइलवरून घेतल्या जातात आणि अनेक महिलांसाठी ही हंगामी कमाई असते. व्यवसाय घरगुती असला तरी त्याला अन्नसुरक्षा कायदा, २००६ लागू होतो आणि एफएसएसएआयकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा क्रमांक १४ अंकी असतो. पॅकबंद टॉफीवर साहित्य, वजन, तयार केल्याची तारीख आणि कधीपर्यंत खावी हे लिहिलेले असावे. दूध आणि काजू यांची अनेकांना ॲलर्जी असल्याने त्यांचा उल्लेख आवर्जून करावा. रंग वापरायचाच असेल तर खाद्यपदार्थांसाठी परवानगी असलेलाच घ्यावा. कापसासारख्या ‘बुढ्ढी के बाल’ या मिठाईत रोडामाइन-बी हा कापड रंगवण्याचा रंग आढळल्याने तमिळनाडूने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्यावर बंदी घातली होती.

बिघडलेली टॉफी वाचवता येते का?

बहुतेक वेळा येते. कारण बिघाड पाण्याचा असतो आणि पाणी घालता येते तसे आटवताही येते. टॉफी मऊ, चिकट राहिली तर सारे तुकडे परत कढईत घालून मंद आचेवर वितळवावेत आणि गोळी घट्ट होईपर्यंत शिजवावे. फार कडक झाली तर तीन-चार चमचे गरम पाणी किंवा दूध घालून वितळवावे आणि परीक्षा पुन्हा घ्यावी. रवाळ झाली असल्यास थोडे जास्त पाणी घालून सगळे दाणे विरघळू द्यावेत, चमचाभर ग्लुकोज घालावे आणि नव्याने शिजवावे. करपली असेल तर मात्र इलाज नाही. तो कडूपणा कशानेही जात नाही.

ज्या घरांत ही परीक्षा आजी-आई करत आल्या, तेथे ती वहीत ‘गोळी होईपर्यंत शिजवणे’ एवढ्याच शब्दांत लिहिलेली असते. गोळी किती घट्ट, हे वहीत नसते. तयार ताटे विकत मिळू लागल्यापासून कढईपाशी उभे राहून ते शिकण्याची वेळही कमी येते. ज्यांच्या घरी जाणते कोणी आहे, त्यांनी या नाताळात गार पाण्याची वाटी त्यांच्या हाती द्यावी आणि त्याच वेळी पाकाचे तापमान मोजून वहीत लिहून ठेवावे. तीन आठवड्यांनी संक्रांत येते. तिळगुळाच्या पाकालाही अशीच वाटी लागते.