गांजा : मेंदूतील खोटी हाक

सायखेड्याच्या शिवारात कांद्याला पाणी देताना तुम्ही पाहिलेच असेल. एक जण पाटाच्या दाऱ्याशी उभा असतो, दुसरा वाफ्यापाशी. वाफा भरला की खालचा माणूस हाक देतो, "पाणी तोड!" वरचा लगेच फावड्याने माती ओढून दारे बंद करतो. हाक आलीच नाही तर वाफा फुटतो. वाफा भरण्याआधी आली तर रोपे कोरडी राहतात.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मेंदूतही आत्ता अशाच असंख्य हाका चालू आहेत. एक चेतापेशी दुसरीला रासायनिक निरोप पाठवते. निरोप पुरेसा झाला की दुसरी पेशी उलट दिशेने वेगळे रसायन सोडते. पहिल्या पेशीवर त्यासाठी खास जागा असतात. त्यांना 'ग्राही' म्हणतात. रसायन ग्राहीवर बसले की पहिली पेशी निरोप आवरता घेते. या गटातील पहिले रसायन १९९२ साली इस्राएलमधील राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडले. त्याचे नाव 'आनंदामाइड'. होय, आपल्या 'आनंद' या शब्दावरूनच ते ठेवले आहे!

भांग, गांजा आणि चरस ही एकाच झाडाची देणगी. भांग पानांची, गांजा मादी झाडाच्या फुलोऱ्याचा, तर चरस राळेचा. तिन्हींत नशा आणणारे मुख्य द्रव्य एकच, टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, थोडक्यात टीएचसी. मेशुलम आणि गाओनी यांनी ते १९६४ साली शुद्ध स्वरूपात वेगळे केले. टीएचसी त्याच ग्राहींवर जाऊन बसते. शरीराने तयार केलेले रसायन जिथे हवे तिथेच सुटते आणि काम होताच नष्ट होते. टीएचसी मात्र सगळ्या शिवारात एकदम ओरडत सुटते, "पाणी तोड! पाणी तोड!" आणि तेही तासन्‌तास.

परिणाम काय होतो? स्मरणाचे काम करणाऱ्या भागात नवी माहिती नीट नोंदली जात नाही. वेळेचा अंदाज चुकतो, हातापायांचा मेळ बिघडतो, नाडी जलद चालते. अशा अवस्थेत मोटारसायकल चालवणे म्हणजे अपघाताला आमंत्रणच. कोणाला हसू येते, तर कोणाला भीतीने घेरले जाते. टीएचसी चरबीत साठते. म्हणून रोज ओढणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा कित्येक आठवडे सापडतात.

आता व्यसन कसे लागते ते पाहा. खोट्या हाका रोजच येऊ लागल्या तर दाऱ्यावरचा माणूस कानात बोळे घालील. मेंदूही तेच करतो, ग्राहींची संख्या घटवतो. मग तीच नशा येण्यासाठी जास्त गांजा लागतो. तो बंद केला तर शरीराची खरी हाकही नीट ऐकू जात नाही. झोप उडते, भूक मरते, चिडचिड वाढते. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो, आणि तो टाळण्यासाठी माणूस पुन्हा चिलमीकडे वळतो. दिलासा असा, की सुमारे महिनाभर गांजा पूर्ण बंद ठेवल्यास ग्राही बऱ्याच अंशी पूर्ववत होतात.

ओढणारा प्रत्येक जण व्यसनी होतो का? नाही. अमेरिकेतील पाहण्यांवरून काढलेला अंदाज शंभरात नऊ असा आहे. पण किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हेच प्रमाण सहात एक होते! मेंदूची घडण विशीच्या मध्यापर्यंत चालू असते, हे त्याचे एक कारण. ज्यांच्यात मूळचीच तशी प्रवृत्ती असते, त्यांना भास-भ्रमाचा गंभीर मनोविकार जडण्याचा धोकाही वाढतो. भारतात २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार या पदार्थांमुळे मदतीची गरज असलेले लोक सुमारे ७२ लाख होते.

"साधू ओढतात, त्यांना कुठे काय होते?" सिंहस्थात नाशकाला जाऊन आलेला एखादा मित्र असे विचारील. "वनस्पतीच तर आहे!" असेही म्हणेल. वनस्पती तर धोतराही आहे! या झाडापासून औषधे होतात हे खरे. त्यातील कॅनाबिडिऑल हे नशा न आणणारे द्रव्य काही दुर्मिळ अपस्मारांवर दिले जाते. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून. चिलमीत मोजमाप नसते. शिवाय १९८५ च्या कायद्याने गांजा व चरस बाळगणे हा गुन्हा आहे.

एखादा मित्र यात सापडला असेल तर त्याची टिंगल करू नका आणि गोष्ट दडवूनही ठेवू नका. विश्वासातल्या शिक्षकांना सांगा. १४४४६ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत. पुण्याचे 'मुक्तांगण' १९८६ पासून हेच काम करीत आहे. व्यसन हा आजार आहे, आणि आजारावर उपचार असतो.