विंडोंची मांडणी कोणी ठरवायची : ईमॅक्सचा मागोवा, १९७६ ते २०२२

प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या पडद्यावर मूळ कोड, चालवलेल्या प्रोग्रामचे आउटपुट, चुकांची यादी आणि मदतीचा मजकूर हे सारे एकाच वेळी हवे असते. यांपैकी काय कुठे आणि किती जागेत दिसावे, हे दर वेळी हाताने ठरवण्याऐवजी कोड लिहून ठरवण्याची सोय ज्या प्रणालींनी दिली, त्यांत ईमॅक्स या संपादकाचा इतिहास विशेष दीर्घ आणि बोधप्रद आहे. मांडणीबाबत शेवटचा शब्द कोणाचा, सोय लिहून देणाऱ्या प्रोग्रामरचा की ती वापरणाऱ्याचा, हा प्रश्न या इतिहासात वारंवार उभा राहतो आणि त्याचे समाधानकारक उत्तर सापडायला बराच काळ जावा लागला.

ईमॅक्सची परिभाषा आजच्या रूढ अर्थाहून वेगळी असल्यामुळे ती आधी स्पष्ट करणे आवश्यक आहे. आज ज्याला सर्रास विंडो म्हटले जाते त्याला ईमॅक्समध्ये ‘फ्रेम’ म्हणतात, फ्रेमच्या आत पाडलेल्या प्रत्येक कप्प्याला ‘विंडो’ म्हणतात, आणि त्या कप्प्यात दिसणारा, पण त्याच्यावाचूनही स्मृतीत राहणारा मजकूर म्हणजे ‘बफर’. एकच बफर दोन विंडोंत दाखवता येतो, तसेच विंडो बंद केली तरी बफर शाबूत राहतो. मजकूर आणि त्याची जागा यांची ही फारकत मुळातच केलेली असल्यामुळे पुढचे सारे शक्य झाले.

रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत टेको या संपादकाच्या मॅक्रोंवर पहिले ईमॅक्स उभारले, तेव्हा पडद्याचे फार तर दोन भाग करता येत. १९८५ मध्ये प्रसृत झालेल्या ग्नू ईमॅक्सने ही मर्यादा दूर केली आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे संपादकाच्या पोटातच लिस्प ही भाषा ठेवली. कळा दाबून होणारी प्रत्येक क्रिया हे लिस्पमधले नाव असलेले एक फंक्शन असल्याने, वापरणारा कंट्रोल-एक्स आणि त्यानंतर २ दाबून जी फाळणी करतो तीच ‘स्प्लिट-विंडो’ कुटुंबातली फंक्शने बोलावून कोणताही कोड करू शकतो. १९९३ मध्ये ग्नू ईमॅक्सच्या १९ व्या आवृत्तीत एकाहून अधिक फ्रेम आल्या आणि कोडच्या अखत्यारीतील प्रदेश आणखी विस्तारला.

या सत्तेचा जाच लवकरच जाणवू लागला. संकलनाची आज्ञा दिली की चुकांचा बफर कुठे उमटेल, मदत मागितली की कोणती विंडो बळकावली जाईल, हे सांगणे कठीण होते. कारण त्यावर नियंत्रण ठेवणारी चले विखुरलेली होती, काही विशिष्ट बफरांना वेगळी फ्रेम देणारी, काहींना त्याच विंडोत बसवणारी, आणि त्यांच्यातला अग्रक्रम सहज ध्यानात येत नसे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेला ‘विनर-मोड’, म्हणजे मजकुरातला बदल मागे घ्यावा तसा मांडणीतला बदल मागे घेण्याची सोय, हा या जाचाचा बोलका पुरावा म्हटला पाहिजे. मांडणी जतन करणारे ‘करंट-विंडो-कॉन्फिगरेशन’ हे फंक्शन होते खरे, पण त्यातून मिळणारी वस्तू बंद पेटीसारखी होती: ती त्याच सत्रात परत लावता येई, परंतु फाइलमध्ये लिहून दुसऱ्या दिवशी वाचता येत नसे.

कोडने मांडणी ठरवणे म्हणजे नेमके काय, हे २००७ च्या २२ व्या आवृत्तीतील ‘जीडीबी-मेनी-विंडोज’ या सोयीत जवळून पाहता येते. जीडीबी हा डीबगर, म्हणजे प्रोग्राम पायरीपायरीने थांबवून त्यातले दोष शोधण्याचे साधन. ही सोय चालू केली की फ्रेमचे सहा भाग होतात: डीबगरशी संवाद, स्थानिक चले, मूळ कोड, प्रोग्रामचे आउटपुट, बोलावलेल्या फंक्शनांची उतरंड आणि थांब्यांची यादी. यामागचा कोड सरळ अंकगणिताचा आहे: विंडोच्या उंचीला तिनाने गुणून चाराने भागायचे आणि तेथे छेद द्यायचा, उरलेल्या वरच्या भागाच्या एकतृतीयांशावर दुसरा छेद द्यायचा, मग प्रत्येक पट्टा उभा दुभागायचा. दोष शोधणाऱ्याला जे हवे असते ते एका दृष्टिक्षेपात आणणारी ही मांडणी विचारपूर्वक केलेली होती यात शंका नाही, पण ते अपूर्णांक फंक्शनच्या पोटात कोरलेले असल्यामुळे ज्याला उतरंडीसाठी अधिक जागा हवी असेल त्याला स्वतःचे फंक्शन लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हते.

खरे वळण आले ते २०१२ मध्ये, २४.१ या आवृत्तीत. विंडोंसंबंधीच्या कोडची या वेळी मोठी पुनर्रचना झाली आणि त्या कामात मार्टिन रुडालिक्स यांचा वाटा मोठा होता. फ्रेममधील विंडो आतून एका वृक्षाच्या रूपाने जोडलेल्या असतात. फ्रेम उभी दुभागून तिचा उजवा भाग आडवा दुभागला, तर डावी विंडो हे एक पान आणि उजवीकडच्या दोन विंडो ही एका अदृश्य फांदीची दोन पाने ठरतात. या अदृश्य फांद्या आता लिस्पला खुल्या झाल्या. ‘विंडो-स्टेट-गेट’ या नव्या फंक्शनमुळे हा वृक्ष साध्या लिस्प मजकुराच्या रूपात मिळू लागला, जो फाइलमध्ये लिहिता येतो आणि पुढे कधीही वाचून पुन्हा उभा करता येतो. मांडणी ही घडणारी क्रिया होती, ती आता वर्णन करता येणारी माहिती झाली.

त्याच आवृत्तीतील ‘डिस्प्ले-बफर-ॲलिस्ट’ ही नियमांची यादी अधिकाराच्या प्रश्नाला थेट भिडते. अमुक नावाचा बफर तळाच्या विंडोत, फ्रेमच्या पाव उंचीत दाखवावा, असा नियम वापरणारा या यादीत एकदा लिहून ठेवतो; आणि बफर दाखवा म्हणणाऱ्या कोडने सोबत स्वतःची पसंती कळवली असली, तरी यादीतला नियम तिच्या आधी विचारात घेतला जातो. अग्रक्रमाचा हा एक क्रम ठरवणे हे या साऱ्या इतिहासातले सर्वांत न्याय्य पाऊल होय. अर्थात जो कोड या मार्गाने न जाता थेट विंडोंची फाळणी करतो, त्याला ही यादी अडवू शकत नाही.

इतर प्रणालींनी हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. २००१ मध्ये खुल्या झालेल्या एक्लिप्समध्ये ‘पर्स्पेक्टिव्ह’, म्हणजे कामानुसार ठरलेला कप्प्यांचा संच, जावा कोडमध्ये लिहिता येतो. त्यातले गुणोत्तर ०.०५ ते ०.९५ यांच्या दरम्यान द्यावे लागते आणि तो कोड केवळ आरंभीची मांडणी ठरवतो, त्यापुढे वापरणारा कप्पे ओढून हवे तसे हलवतो. व्हिज्युअल स्टुडिओ कोडने २०१८ मध्ये संपादन-कप्प्यांची जाळीसारखी रचना आणली आणि गटांच्या आत गट अशा वर्णनातून ती लावण्याची आज्ञाही दिली. मात्र तिथला विस्तार-कोड मूळ पडद्याला थेट हात लावू शकत नाही. हे निर्बंध स्थैर्यासाठी उपयुक्त आहेत. ईमॅक्सने ते स्वीकारले नाहीत आणि त्याची किंमत त्याच्या वापरकर्त्यांनी अनेक वर्षे मोजली.

ईमॅक्समधील सहा विंडोंच्या त्या डीबगरपर्यंत, मांडणी माहितीच्या रूपात जपण्याचा २०१२ मधला बदल पोहोचायला २०२२ उजाडले. त्या वर्षीच्या २८.१ आवृत्तीपासून डीबगरच्या विंडोंची स्वतः लावलेली मांडणी फाइलमध्ये जतन करता येते, पुढच्या वेळी आपोआप उघडता येते, आणि तसा पर्याय निवडल्यास डीबगर बंद करताच आधीची मांडणी परत येते.