फिनलंडला तुमचं कोण असतं?

परवा पोस्टमनकाकांनी हातात कार्ड ठेवलं आणि विचारलं, "फिनलंडला तुमचं कोण असतं हो?"

कुणीच नाही! पोस्टक्रॉसिंगची, म्हणजे जगभरच्या अनोळखी लोकांशी पोस्टकार्डांच्या देवाणघेवाणीची, गंमत तीच आहे.

14 जुलै 2005 रोजी पोर्तुगालच्या पाउलो मागाल्याइश या विद्यार्थ्याने हे सुरू केलं. वेबसाइटवर नाव नोंदवून पत्ता मागायचा. जगातल्या कुठल्याही सभासदाचा पत्ता आणि एक क्रमांक मिळतो. भारतातल्या कार्डांचा क्रमांक 'आयएन'ने सुरू होतो. तो कार्डावर न विसरता लिहायचा.

कार्ड पोचलं आणि समोरच्याने क्रमांक नोंदवला, की तुमचा पत्ता तिसऱ्याच कुणाला तरी जातो. म्हणजे पाठवायचं एकाला, येतं दुसऱ्याकडून!

आमच्या नेवाशाचं चित्र असलेलं कार्ड मला कुठे मिळेना. मग जाड ड्रॉइंग पेपर कापून मीच पैस खांब काढायला लागलो. मागे प्रवरा नदी, कडेला दोन ओळी: याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली, असं आम्ही मानतो.

जपानच्या एका आजींनी कार्ड नोंदवताना विचारलं, "खांब अजून आहे?" दुसऱ्याच दिवशी सकाळी सायकल काढली, खांब आहे त्या मंदिरात गेलो आणि परवानगी घेऊन काढलेला फोटो त्यांना पाठवला.

सुरुवातीला एका वेळी पाचच पत्ते मिळतात. तेवढे पुरेत. अक्षर सुवाच्य हवं, देशाचं नाव इंग्रजीत ठळक हवं.

कुणाला सुरू करायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा. नेवाशातले असाल तर पहिलं कार्ड सोबत बसून लिहू.