मालवणच्या पाण्यातलं दगडफूल

कात्रज घाटातल्या काळ्या कातळावर राखाडी-हिरवट, कडांना सुरकुतलेले ठिपके दिसतात. ते दगडाचे डाग नव्हेत; बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार आहे. गोडा मसाल्यातलं दगडफूल याच कुळातलं. सुट्ट्या लागल्या की पुण्याच्या गाड्या कात्रज ओलांडून मालवणला स्कूबासाठी निघतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात ज्यांना आपण ‘रंगीत खडक’ म्हणतो, त्यांतही असाच संसार आहे, फक्त बुरशीच्या जागी प्रवाळ नावाचा प्राणी आहे. प्रवाळाचा एकेक जीव बहुधा काही मिलिमीटरचा. त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल उन्हावर अन्न बनवतं, त्या बळावर तो चुन्याचं घर बांधतो. रंगही बराचसा शैवालाचाच. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की ही जोडी तुटते. प्रवाळ पांढरं पडतं आणि उपाशी राहतं.

म्हणूनच त्या खडकावर पाय टेकवणं म्हणजे दगडावर उभं राहणं नव्हे. पोराइटिससारखं घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटिमीटर वाढतं. फूटभर रुंदीचा घुमट सगळीकडून वाढत आला असेल, तरी त्याचं वय पंधरा वर्षांच्या आसपास भरतं. ओढत गेलेला नांगर तो क्षणात फोडतो. खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच रांगेत आहेत, आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासूनचं आहे. यावर कुणी म्हणेल, समुद्र तापतोय तिथे पर्यटकाच्या पावलाचं काय एवढं? पण उष्णतेने खंगलेल्या जीवालाच जखम भरून काढणं जड जातं. शिवाय समुद्राचं तापमान मालवणातून उतरवता येत नाही, नांगर मात्र उचलता येतो.

पोटापाण्याचा आक्षेप अधिक खरा आहे. डायव्हिंगवर अनेक घरं चालतात, त्यामुळे बंदी मला पटत नाही. पण पर्यटक पैसे मोजतो तो जिवंत खडकासाठी, चुन्याच्या ढिगाऱ्यासाठी नाही. नांगराऐवजी तळाशी कायमचा बांधलेला बोया, नवख्याला खडकापासून हातभर वर धरणारा प्रशिक्षक, आणि फोटोसाठी माशांना पाव टाकणं बंद, एवढं सहज जमण्यासारखं आहे. पावाची गोष्ट क्षुल्लक नाही. खडकावर वाढणारं शैवाल खुडून खाणारे मासे पावाच्या नादी न लागता खडक स्वच्छ ठेवतात, तेव्हाच पाण्यात तरंगत आलेल्या प्रवाळाच्या अळीला चिकटायला जागा मिळते.