उसन्या प्रकाशाची किमया

घरातील वडीलधारी व्यक्ती निवर्तली की भिंतीवर लावण्यासाठी छायाचित्राचा शोध सुरू होतो. बहुतेक घरांत हा शोध एकाच ठिकाणी येऊन थांबतो. कुणाच्या तरी लग्नातील सामूहिक छायाचित्रातून कापून काढलेला चेहरा, नाहीतर पारपत्रासाठी काढलेली ताठ, भावशून्य छबी. खिशाखिशात कॅमेरा आल्यावर ही स्थिती बदलायला हवी होती. छायाचित्रांची संख्या अमाप वाढली, पण निगुतीने काढलेली व्यक्तिचित्रे फारशी वाढली नाहीत. उणीव कॅमेऱ्याची नसते, प्रकाश हाताळण्याच्या सवयीची असते. ही सवय लावून घेण्याचे सर्वांत स्वस्त साधन म्हणजे परावर्तक, अर्थात छायाचित्रकारांच्या बोलीतला ‘रिफ्लेक्टर’.

रिफ्लेक्टर स्वतः प्रकाश निर्माण करत नाही. खिडकीतून आलेला किंवा सूर्याचा उजेड उसना घेऊन तो चेहऱ्याच्या अंधाऱ्या बाजूकडे वळवतो, एवढेच त्याचे काम. या कामाची गरज का पडते, हे खिडकीशेजारी कुणाला बसवले की लगेच कळते. आपल्या डोळ्यांना चेहऱ्याच्या दोन्ही बाजू नीट दिसतात, कारण डोळा आणि मेंदू मिळून तो फरक सांभाळून घेतात. कॅमेऱ्याची झेप तेवढी नसते. छायाचित्रकार हा फरक ‘स्टॉप’मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, दोन स्टॉप म्हणजे चौपट आणि तीन म्हणजे आठपट. साधारण एक ते दोन स्टॉपचा फरक असेल तर चेहऱ्याला गोलाई येते. तीनच्या पुढे गेला की अर्धा चेहरा काळोखात बुडतो, आणि अजिबात फरक उरला नाही तर चेहरा पोळीसारखा सपाट दिसतो.

बाजारात मिळणारा ‘फाइव्ह इन वन’ रिफ्लेक्टर म्हणजे लवचिक कडीवर ताणलेले गोल कापड. पांढरी, चंदेरी, सोनेरी आणि काळी बाजू असलेले आवरण, आणि आत पाचवे अर्धपारदर्शक कापड. नवशिक्याचा हात हमखास चंदेरी बाजूकडे जातो, कारण तिचा परिणाम झटकन दिसतो. सुरुवात मात्र पांढऱ्या बाजूने करावी. पांढरा पृष्ठभाग प्रकाश सर्व दिशांना विखुरतो, त्यामुळे त्याचा कोन थोडा चुकला तरी चालते. चंदेरी बाजू आरशाच्या नियमाने वागते. ज्या कोनात प्रकाश आला त्याच कोनात तो परत जातो, आणि हात जरा हलला की उजेडाचा पट्टा गालावरून कानावर सरकतो.

या दोन स्वभावांची उत्तम उदाहरणे आपल्या चित्रपटसृष्टीतच सापडतात. सत्यजित राय यांच्या १९५६ सालच्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचे अंगण उघड्यावर उभारायचे होते. पावसाच्या धास्तीने ते स्टुडिओत उभारावे लागले. आकाशाखालचा सावलीविरहित उजेड स्टुडिओत आणायचा कसा? छायालेखक सुब्रत मित्र यांनी अंगणावर पांढरे कापड ताणून बसवले आणि दिव्यांचा झोत खालून त्याच्यावर सोडला. कापडावरून परतलेला मऊ उजेड अंगणात उतरला. तीनच वर्षांनी, १९५९ साली, गुरुदत्त यांच्या ‘कागज के फूल’मध्ये व्ही. के. मूर्ती यांनी नेमके उलट केले. मोठे आरसे वापरून त्यांनी बाहेरचे ऊन स्टुडिओच्या अंधारात आणले आणि प्रकाशाचा तो रेखीव झोत अजरामर झाला. एकाला धूसर आकाश हवे होते, दुसऱ्याला धारदार किरण. पांढरी आणि चंदेरी बाजू निवडताना आपल्यालाही हाच प्रश्न स्वतःला विचारायचा असतो. आजीच्या चेहऱ्यासाठी उत्तर बहुधा ‘आकाश’ हेच असते.

सोनेरी बाजूविषयी मात्र स्पष्ट बोलायला हवे. ती उजेडाला पिवळसर, उबदार छटा देते. आपल्याकडील गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत ही ऊब मुळातच असते. वर सोनेरी मुलामा चढला की हळद न काढताच नवरी छायाचित्राला उभी राहिली असे वाटते. मावळतीच्या उन्हाशी मेळ साधायचा असेल तेवढ्यापुरती ती ठेवावी.

यासाठी पैसे खर्च केलेच पाहिजेत असे नाही. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला पांढरा ड्रॉइंग पेपर, नव्या दूरचित्रवाणी संचाच्या खोक्यातून निघालेला थर्माकोल, खुर्चीच्या पाठीवर टाकलेले शुभ्र धोतर, यांपैकी काहीही चालते. रंग तेवढा खरोखर पांढरा हवा. हिरव्या भिंतीजवळ बसवलेल्या माणसाच्या गालावर हिरवी झाक येते, लाल साडीचा रंग हनुवटीखाली चढतो. भिंत, फरशी, कपडे हे सारे न विचारता काम करणारे रिफ्लेक्टरच असतात, आणि ते एकदा दिसू लागले की अर्धे शिक्षण झालेच म्हणायचे.

सरावासाठी उत्तरेकडची किंवा थेट ऊन न येणारी खिडकी निवडा. जिवंत माणूस दहा मिनिटांत कंटाळतो, म्हणून आरंभी शाडूचा किंवा टेराकोटाचा मुखवटा ठेवावा. खिडकी त्याच्या एका बाजूला, पुठ्ठा दुसऱ्या बाजूला. पुठ्ठा चार फुटांवरून दोन फुटांवर, मग एक फुटावर आणा आणि प्रत्येक वेळी छायाचित्र घ्या. अंतर घटते तशी सावली झपाट्याने विरळ होत जाते. मोबाइलवर सराव करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. मोबाइल प्रत्येक चित्राचा उजेड आपल्या मर्जीने सावरून घेतो, सावल्या परस्पर उजळतो, आणि रिफ्लेक्टरने काय साधले हे कळेनासे होते. पडद्यावर उजळ गालावर बोट दाबून धरले की बऱ्याच मोबाइलमध्ये उजेडाचे मोजमाप स्थिर होते. ते तसे स्थिर केल्याशिवाय तुलना करू नये.

पुठ्ठा कुठे धरायचा यालाही महत्त्व आहे. आपल्या नजरेला उजेड वरून येण्याची सवय आहे. खालून जोरकस उजेड आला की चेहरा भयपटातील पात्रासारखा दिसतो. तरीही पांढरा पुठ्ठा मांडीवर आडवा ठेवला, तर डोळ्यांखालची काळी वर्तुळे आणि सुरकुत्यांच्या सावल्या हळुवार होतात. वरून येणारा उजेड अधिक आणि खालचा कमी, एवढे तारतम्य राखले की झाले. भर दुपारी उघड्यावर छायाचित्र घ्यायची वेळ आलीच, तर माणसाची पाठ सूर्याकडे करावी आणि समोरून पांढऱ्या बाजूने उजेड परत द्यावा. चंदेरी बाजूने दुपारचे ऊन डोळ्यांत मारणे हा छळ आहे. तिला पर्याय नसेल तर डोळे मिटायला सांगून, तीन अंक मोजून उघडायला सांगावे.

आता थोडे मतभेदाचे. आपल्याकडील लग्नसमारंभांच्या छायाचित्रांत चेहऱ्यावरची प्रत्येक सावली पुसून टाकण्याची जणू शर्यत लागलेली असते. त्यामागे गोरेपणाची जुनी हौस आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. सावळा चेहरा उजेडाने भरून काढला की तो गोरा होत नाही, फक्त निर्जीव होतो. गालफडांची ठेवण, कपाळावरची आठी, नथीच्या मोत्यांची इवलीशी छाया यांतूनच माणूस ओळखू येतो. रिफ्लेक्टर कुठवर जवळ आणायचा यापेक्षा कुठे थांबवायचा, हे शिकायला अधिक वेळ लागतो. पांढऱ्या भिंतींच्या छोट्या सदनिकेत तर चारही बाजूंनी उजेड परततो आणि सावली उरतच नाही. तिथे काळी बाजू कामी येते. काळे कापड किंवा गडद घोंगडी गालाजवळ धरली की ती आगंतुक उजेड गिळून टाकते आणि चेहऱ्याला कडा परत मिळते.

डोळ्यांकडे लक्ष असू द्यावे. बुबुळात खिडकीचे जे शुभ्र प्रतिबिंब पडते, त्याला छायाचित्रकार ‘कॅचलाइट’ म्हणतात. ते नसेल तर हसरा चेहराही विझलेला वाटतो. वृद्धांच्या पापण्या झुकलेल्या असतात, त्यामुळे वरचा उजेड बुबुळापर्यंत पोहोचत नाही. मांडीवरचा पुठ्ठा ते काम करतो. मात्र चष्मा असेल तर तोच पुठ्ठा काचेत पांढऱ्या डागासारखा उमटतो. अशा वेळी आजोबांना चष्मा काढायला लावू नये, त्याशिवाय ते आजोबा वाटणारच नाहीत. चष्म्याच्या काड्या कानांवरून किंचित वर उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात आणि डाग सरकतो. तेवढ्याने भागले नाही तर पुठ्ठा वीतभर बाजूला घ्यावा.