नव्या पिकअप गाडीची गाळणी

वऱ्हाडांतील शेतकरी कुटुंबांत बैलगाडीची जागा आतां बहुतांशीं पिकअप गाडीनें घेतली आहे. वाशीम जिल्ह्यांत सोयाबीन, तूर किंवा हळद बाजारास न्यावयाची म्हटलें, कीं हीच गाडी दारांत येऊन उभी राहते. एकत्र कुटुंबांत तिला धनी पुष्कळ असतात. एक भाऊ हप्ते भरतो, दुसऱ्याचा मुलगा ती चालवितो, आणि तिचे गुणदोष ठरविण्याचें काम वडील मंडळी विहिरीवरील जुन्या ऑइल इंजिनाच्या अनुभवावरून करतात. तें इंजिन काळ्या धुराचा लोट सोडूं लागलें, म्हणजे तें जोरांत आहे अशी त्यांची खात्री पटे. नव्या गाडीस धूरच नाहीं. आणि वर्ष सरण्यापूर्वींच तिच्या समोरच्या फळीवर एक पिवळा दिवा लागतो, गाडी चढावर दम टाकते, व "डीपीएफ चोक झाला" ही तक्रार घरांत ऐकूं येते.

डीपीएफ म्हणजे धुरांतील काजळी अडविणारी गाळणी. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशांत भारत स्टेज सहा हे नियम लागू झाले. चौथ्या टप्प्यावरून सरकारनें पांचवा ओलांडून एकदम सहावा गांठला. डिझेलमधील गंधकाचें प्रमाण दशलक्ष भागांत ५० होतें, तें १० वर आणलें. हलक्या डिझेल वाहनानें एका किलोमीटरमागें साडेचार मिलिग्रॅमहून अधिक काजळी सोडूं नये, आणि तिच्या कणांची संख्या सहा निखर्वांवर जाऊं नये, असें बंधन घातलें. निखर्व हा शब्द आतां शाळेंत कोणी शिकवीत नाहीं. तो दहा हजार कोटींचा आंकडा आहे. एवढी बारीक काजळी गाळणीशिवाय अडत नाहीं, म्हणून ती प्रत्येक नव्या डिझेल पिकअपच्या नळ्यांत बसविलेली असते.

तिची रचना मोठी मनोवेधक आहे. भाजलेल्या सच्छिद्र मातीचा एक ठोकळा, आणि त्यांत मधाच्या पोळ्याप्रमाणें शेंकडों अरुंद नळ्या. एका नळीचें पुढचें तोंड बंद, तर शेजारणीचें मागचें. त्यामुळें धुरास भिंतीच्या छिद्रांतून झिरपूनच पलीकडे जावें लागतें, व काजळी अलीकडे राहते. घरांतील चहाची गाळणी भरली, कीं आपण ती झटकतों. ही गाळणी झटकतां येत नाहीं. ती आपली काजळी स्वतःच जाळते. त्यासाठीं सुमारें साडेपांचशें ते सहाशें अंश उष्णता लागते. साध्या चालण्यांत नळा इतका तापत नाहीं. म्हणून गाळणी बरीच भरल्याचें कळतांच गाडींतील संगणक थोडें जादा डिझेल सोडतो. तें गाळणीच्या अलीकडील भागांत जळतें व उष्णता चढते. या क्रियेस सर्व्हिस सेंटरमध्यें रिजनरेशन म्हणतात. ती पुरी होण्यास गाडी पंधरा ते पंचवीस मिनिटें एकसारख्या बऱ्या वेगानें धांवत राहावी लागते. न्यायशास्त्र शिकतांना धुरावरून अग्नीचें अनुमान करावयास आम्हांस शिकविलें होतें. पण अग्नि असूनहि धूर नसतो, याचें उदाहरण म्हणून तापलेल्या लोखंडाचा गोळा दाखवीत. ही जळती गाळणी त्या गोळ्याचीच बहीण होय.

आतां आपल्या गाड्यांची दिनचर्या पाहावी. शेतांतून घर दोन कोस, घरांतून कृषि उत्पन्न बाजार समिती चार कोस. पोतीं चढवितांना इंजिन चालूच. हंगामांत काट्यावर तासभर रांग, तेथेंहि इंजिन चालूच. आणि रिकाम्या चालण्यानें काजळी सांचते, पण नळा तापत नाहीं. गाळणी जाळावयास घेते तोंच घर येतें व चालक किल्ली फिरवितो. अर्धवट राहिलेल्या या जळणाचें कांहीं डिझेल इंजिनाच्या तेलांत उतरतें. पट्टी काढून पाहिली तर तेल वाढलेलें दिसतें. तेल कमी होत नाहीं म्हणून समाधान मानणारे गृहस्थ मीं पाहिले आहेत. वाढलेलें तेल हें पातळ झालेलें तेल असतें, आणि त्यानें इंजिनाचीच झीज होते.

मालेगांव तालुक्यांत राहणाऱ्या माझ्या पुतण्याच्या गाडीस हेंच झालें. ऐन सोयाबीनच्या धांदलींत पिवळा दिवा लागला. त्यानें तो दहाबारा दिवस तसाच राहूं दिला. पुढें दुसरा दिवा लागला व गाडीनें जोर धरणें सोडलें. रस्त्यावरच्या एका मिस्त्रीनें उपाय सुचविला: आंतील ठोकळा फोडून नळा पोकळ करावा, आणि संगणकास तसें समजूं नये अशी व्यवस्था करावी. खर्च थोडा, कटकट कायमची मिटली. आमच्या वडील बंधूंस तो पटला. "पूर्वीं कोठें होती गाळणी? धूर जातो तर जाऊं दे," असें ते म्हणाले.

मीं विरोध केला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींत असा फेरफार करूं देत नाहीं, व पुढें जोडलेल्या १८२ अ कलमांत त्यास शिक्षा आहे. पण कायद्याहून मला अंगणाची चिंता अधिक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डिझेलचा धूर मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातला. आमच्या घरीं गाडी सकाळीं सुरू होते ती तुळशीपासून दहा हातांवर, आणि त्याच वेळीं शाळेस निघालेलीं चार मुलें तिच्या मागून जातात. "दादा, तुमच्या इंजिनाचा धूर विहिरीवर जाई, हा मुलांच्या नाकांत जाईल," एवढेंच मीं बोललों. बंधु गप्प राहिले, व गाडी सर्व्हिस सेंटरमध्यें गेली. तेथें ती उभी ठेवून यंत्राच्या आज्ञेनें गाळणी जाळण्यांत आली. बिल मात्र आमच्या माथीं आलें. चालविण्याचा दोष हमींत बसत नाहीं, हें उत्तर मिळालें. गाडी विकतांना रंग, हप्ता व विमा यांवर दोन तास बोलणाऱ्यांनीं "रोज किती लांब चालवाल?" हा एक प्रश्न विचारला असता तर काय बिघडलें असतें? माहितीचें पुस्तक इंग्रजींत, व तेंहि पिशवींत बंद. माझ्या मतें हा चालकापेक्षां विक्रेत्याचा दोष मोठा.

त्यानंतर घरांत व्यवस्था बदलली. अकोल्याचीं कामें पूर्वीं दुसऱ्याच्या जीपनें होत. आतां तीं आठवड्यांतून एकदां पिकअपनेंच करावयाचीं. समृद्धि महामार्गाचा नागपूर-शिर्डी भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला व तो आपल्या जिल्ह्यांतून जातो. शेलूबाजारास चढून कारंज्यास उतरलें तरी गाळणीस हवी तेवढी सलग दौड मिळते. पिवळा दिवा दिसला, कीं काम अर्धें सोडून त्याच दिवशीं गाडी मोठ्या रस्त्यावर न्यावी व दिवा विझेपर्यंत इंजिन बंद करूं नये, हें पुतण्यानें फळीजवळ मराठींत लिहून चिकटविलें आहे. रांगेंत इंजिन बंद. तेल पुस्तकांत सांगितलेल्या कमी राखेच्या जातीचेंच. स्वस्त डब्यांतील तेलाची राख गाळणींत बसते, आणि राख कितीहि तापविली तरी जळत नाहीं. अनेक वर्षांच्या चालीनंतर ती यंत्रानें काढून घ्यावी लागते. रस्त्याकांठीं बायोडिझेल म्हणून विकला जाणारा द्रव तर टाकींत घालूंच नये.

घरांतील स्त्रियांस व गड्यांस एक गोष्ट मुद्दाम सांगावी. गाडी नुकतीच धांवून आली असेल, उभी असतांनाहि तिचा पंखा घोंघावत असेल व तापल्याचा वास येत असेल, तर ती खळ्यांत, कुटारावर किंवा वाळल्या गवतांत लावूं देऊं नये. खालचा नळा त्या वेळीं भयंकर तापलेला असतो.

जुनी पिकअप घेणाऱ्यांनीं इंजिन पूर्ण थंड असतांना धुराच्या नळींत आंत बोट फिरवून पाहावें. गाळणी शाबूत असल्यास बोट जवळजवळ स्वच्छ निघतें. काजळानें भरलें, तर ठोकळा फुटला आहे किंवा कोणीतरी काढून टाकला आहे, असें समजून किमतीचें बोलणें तेथेंच थांबवावें.